चौसष्ट घरांतले धान्य आणि वीस अंकांचा आकडा

दाणा मोजून कोणी धान्य विकत नाही. आपण माप भरतो, पोती शिवतो, क्विंटलचा भाव विचारतो. पण गणिताच्या इतिहासातला एक फार मोठा आकडा दाणे मोजण्यातूनच जन्माला आला आहे. तो असा आहे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

वीस अंकांचा हा आकडा नुसता पाहून पुढे जाऊ नका. त्याच्या पोटात बऱ्याच गमती आहेत, आणि आपल्या संसाराच्या कामाची एक गोष्टही आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम. पाढे पाठ असलेले एखादे पोर शेजारी असेल तर आणखी उत्तम.

गोष्ट जुनीच

बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात. कथा अशी सांगतात, की हा खेळ शोधून काढणाऱ्या माणसावर राजा खूष झाला आणि म्हणाला, ‘काय हवे ते माग.’ तो म्हणाला, ‘महाराज, पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. असे दर घराला दुप्पट करीत चौसष्ट घरे भरा. तेवढेच धान्य मला पुरे.’ राजा हसला. एवढ्याशा मागणीचे त्याला वाईटही वाटले असेल. पण कोठाराच्या कारभाऱ्याने हिशोब केला आणि त्याची बोबडी वळली.

कथा हिंदुस्थानातली म्हणून सांगितली जाते. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या अरबी लेखकाने ती लिहून ठेवली आहे. आकडा मात्र कथेच्या त्या लेखापेक्षाही जुना आहे. पुढे हिंदुस्थानचा अभ्यास करून मोठा ग्रंथ लिहिणारा अल्बेरूनी, याने इ. स. १००० च्या सुमारास चौसष्ट घरांची ही बेरीज करून ठेवली होती. वर दिलेला आकडा तोच.

खळ्यावर मांडून पाहू

गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन साधारण चाळीस ग्रॅम भरते. म्हणजे एका ग्रॅममध्ये पंचवीस दाणे, एका किलोत पंचवीस हजार, आणि एका क्विंटलमध्ये पंचवीस लाख. हे माप धरून पटावर चालू या.

पहिली ओळ, म्हणजे आठ घरे भरली की झाले २५५ दाणे. वजन दहा ग्रॅम. चिमणीच्या एका वेळच्या खाण्याची सोय झाली म्हणा.

दुसरी ओळ संपली की एकूण ६५,५३५ दाणे. अडीच किलोंच्या थोडे वर. घरच्या एक-दोन दिवसांच्या पोळ्या.

तिसरी ओळ संपली की पावणेसात क्विंटलच्या आसपास. एकरी चाळीस किलो बियाणे धरले तर सोळा एकरांची पेरणी यात होईल. राजा अजून हसतोच आहे.

चौथी ओळ संपली, पट निम्मा झाला. एकूण दाणे ४,२९,४९,६७,२९५ आणि वजन सुमारे १,७१८ क्विंटल. मोठ्या बागायतदाराला थोडे कष्टाने देता येईल एवढे. राजाला तर काहीच नाही.

आता निम्माच पट राहिला आहे. पाचवी ओळ संपते तेव्हा सुमारे चव्वेचाळीस हजार टन. सहावी संपते तेव्हा एक कोटी टनांच्या वर. आपल्या सगळ्या देशात अलीकडच्या वर्षांत गहू पिकतो तो साधारण अकरा कोटी टनांच्या पुढे-मागे. तो बावन्नाव्या घरापर्यंत संपूर्ण खर्ची पडतो. साऱ्या जगाचे वर्षाचे गव्हाचे पीक ऐंशी कोटी टनांच्या जवळपास. तेही पंचावन्नाव्या घराशी संपते. आणि पुढे नऊ घरे रिकामीच!

चौसष्ट घरे भरायला सुमारे ७३,७८७ कोटी टन गहू लागेल. साऱ्या जगाने नऊशे वर्षे गहू पिकवायचा, एक दाणाही खायचा नाही, तेव्हा कुठे हे देणे फिटत येईल. दुसऱ्या रीतीने सांगायचे, तर हा गहू साऱ्या महाराष्ट्राच्या भूमीवर, डोंगर-दऱ्या-गावे धरून, सारखा पसरला तर सुमारे दहा फुटांचा थर होईल.

आणि हे दाणे मोजायचे कोणी? दर सेकंदाला एक दाणा या वेगाने, रात्रंदिवस न थांबता मोजले तर अठ्ठावन्न हजार कोटींहून जास्त वर्षे लागतील. विश्वाचे वय शास्त्रज्ञ सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगतात. एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ साली चकत्यांचे एक कोडे बाजारात आणले. त्याला काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची एक कथा जोडलेली आहे. त्या चकत्या नियमाप्रमाणे एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर न्यायला जेवढ्या चाली लागतात, तो आकडाही नेमका हाच.

बेरीज करण्याची युक्ती

चौसष्ट आकडे एकाखाली एक मांडून बेरीज करायला बसाल तर दिवस जाईल. पण इथे एक सोपी गोष्ट आहे. एक अधिक दोन, तीन झाले. पुढच्या घरात चार आहेत. एक, दोन, चार मिळून सात. पुढच्या घरात आठ. त्या सर्वांचे पंधरा. पुढच्या घरात सोळा. म्हणजे कोणत्याही घरातले दाणे हे त्याच्या मागच्या सर्व घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा एकाने जास्त असतात.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे. शेवटच्या एका घरात जेवढे दाणे आहेत, तेवढे मागच्या त्रेसष्ट घरांत मिळूनही नाहीत.

तेव्हा पासष्टावे घर असते तर त्यात किती दाणे पडले असते ते काढायचे आणि त्यातून एक वजा करायचा. झाली बेरीज. पण पासष्टाव्या घरासाठी तरी चौसष्ट वेळा दुप्पट करावी लागणारच ना? नाही. त्याचीही युक्ती आहे, आणि ती साडेआठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे लिहून ठेवलेली आहे.

भास्कराचार्यांचा दाता

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, आणि त्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गावी तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, बाजारात येणाऱ्या मालावरचा काही हिस्सा त्या मठाला लावून दिल्याचे त्यात लिहिले आहे. गणिताची ही शाळा गावच्या बाजाराने पोसली होती.

लीलावतीत एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी याचकाला दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? त्या काळी वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क होत असे. एकूण कवड्या भरतात २,१४,७४,८३,६४६. म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिण्या आणि ६ कवड्या. दोन कवड्यांपासून निघालेला दाता महिन्यात लाखाच्या वर निष्क देऊन बसला!

आचार्यांची रीत अशी. जेवढ्या वेळा दुप्पट करायची तो आकडा सम असेल तर निम्मा करा आणि ‘वर्ग’ अशी खूण करा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुणक’ अशी खूण करा. शून्य येईपर्यंत असे करीत जा. मग शेवटच्या खुणेपासून उलटे या. ‘गुणक’ असेल तिथे दोनने गुणा, ‘वर्ग’ असेल तिथे आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा.

चौसष्टाचे पाहा. चौसष्ट, बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. सहा वेळा निम्मे झाले. शेवटी एक उरला, तो एकदा ‘गुणक’. म्हणून दोनपासून सुरुवात करून फक्त सहा वेळा वर्ग करायचे:

२ चा वर्ग ४
४ चा वर्ग १६
१६ चा वर्ग २५६
२५६ चा वर्ग ६५,५३६
६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६
आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६

यातून एक वजा केला की आपला आकडा आला. चौसष्ट पावलांची वाट सहा पावलांत सरली.

आकडा वाचायचा कसा?

कोटीच्या पुढे आपली जीभ अडखळते. पण लीलावतीत स्थानांची नावे अठरा घरांपर्यंत दिलेली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य आणि परार्ध. त्या नावांनी आपला आकडा असा वाचता येतो: एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, चार मध्य, सहा अंत्य, सात जलधि, चार शंकु, चार महापद्म, शून्य निखर्व, सात खर्व, तीन अब्ज, सात अर्बुद, शून्य कोटी, नऊ प्रयुत, पाच लक्ष, पाच अयुत, एक सहस्र, सहा शत, एक दश आणि पाच. घरातल्या आजोबांना वाचायला सांगा. त्यांना बहुधा आवडेल.

ताळा पाहू

एवढा मोठा आकडा छापताना चूक झाली नसेल कशावरून? त्यासाठी जुन्या शाळेतला नऊचा ताळा कामाला येतो. सर्व अंकांची बेरीज करा: ८७ येते. आठ आणि सात पंधरा, एक आणि पाच सहा. म्हणजे ताळा सहा.

आता दुपटीचा ताळा पाहा. २, ४, ८, मग १६ चे ७, ३२ चे ५, ६४ चा १, आणि पुन्हा २, ४, ८, ७, ५, १. दर सहा पावलांनी तेच फेर. चौसष्टात सहाचे दहा फेर पूर्ण होऊन चार पावले उरतात. चौथ्या पावलाचा ताळा सात. त्यातून एक गेला, उरले सहा. जमले!

शेवटच्या अंकाचेही असेच आहे. दुपटीत शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरतो. चौसष्टाला चारने पूर्ण भाग जातो, म्हणून शेवटी ६ येणार. एक वजा, पाच. तेही जमले.

अंकांच्या बेरजेला, म्हणजे ८७ ला, तीनने भाग जातो. त्यामुळे आपल्या आकड्यालाही तीनने भाग जातो. शेवटी पाच आहे, म्हणून पाचनेही जातो. तीन भावांत हे धान्य वाटले तर एक दाणाही उरणार नाही. पाच भावांतही नाही. दोन भावांत वाटले तर मात्र एका दाण्यावरून भांडण! सात भावांत वाटले तरी एकच दाणा उरतो.

पट दुमडून पाहा

तीन आणि पाच सापडले. बाकीचे कोण? त्यासाठी भागाकार करीत बसायचे कारण नाही. पट मध्यावर दुमडला असे समजा. तेहतिसावे घर पहिल्यावर येईल, चौतिसावे दुसऱ्यावर. तेहतिसाव्या घरात पहिल्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट दाणे आहेत. चौतिसाव्यात दुसऱ्याच्याही तेवढीच पट. याचा अर्थ, सगळा दुसरा अर्धा पट हा पहिल्या अर्ध्याच्या तेवढी पट आहे. दोन्ही मिळून पहिल्या अर्ध्याच्या ४,२९,४९,६७,२९७ पट झाले.

आता पहिल्या अर्ध्याला, म्हणजे बत्तीस घरांना, पुन्हा दुमडा. ती सोळा घरांच्या ६५,५३७ पट आहेत. सोळा घरे आठ घरांच्या २५७ पट. आठ घरे चार घरांच्या १७ पट. चार घरांत पंधरा दाणे, ते दोन घरांतल्या तीन दाण्यांच्या पाच पट. आणि दोन घरे एका दाण्याच्या तीन पट. म्हणून आपला आकडा म्हणजे

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

घडीवर घडी मोडली आणि आकड्याचे सारे सांधे दिसले. यातले पहिले पाच आकडे मूळ संख्या आहेत. म्हणजे त्यांना एक आणि स्वतःखेरीज दुसऱ्या कशाने भाग जात नाही. सहाव्याने मात्र मोठमोठ्यांना चकवले.

थोरांची चूक आणि शेतकऱ्याचे पोर

फ्रान्समधला फेर्मा हा सतराव्या शतकातला वकील. न्यायालयातली नोकरी सांभाळून तो गणित करी. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही रांग पाहून त्याला वाटले, की पुढचे सर्व आकडेही मूळ संख्याच असणार. सहावा आकडा मोठा, भागून पाहणे कष्टाचे. फेर्माचे म्हणणे शंभर वर्षांच्या आसपास तसेच राहिले.

१७३२ साली लिओनार्ड ऑयलर याने दाखवले, की सहाव्या आकड्याला ६४१ ने भाग जातो. पुढे त्याने असेही सिद्ध केले, की या आकड्याला भाग देणारी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असलीच पाहिजे. मग भागून पाहायच्या संख्या किती थोड्या उरल्या पाहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात चोर सापडतो. ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७. गुणाकार करून खात्री करून घ्या.

पुढची हकीकत आपल्या घरची वाटावी अशी आहे. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी १८०४ साली झेरा कोलबर्न नावाचा मुलगा जन्मला. शाळा जेमतेम, पण तोंडी हिशोब असा, की बाप त्याला गावोगाव दाखवीत फिरू लागला. आठ वर्षांच्या वयात लंडनला त्याच्यापुढे हाच ४,२९,४९,६७,२९७ आकडा टाकला गेला. त्याने कागद न घेता ६४१ आणि ६७,००,४१७ ही उत्तरे सांगितली, असे त्या वेळच्या वृत्तांतात नमूद आहे. पोराच्या डोक्यात काय दडले आहे, हे त्याच्या अंगावरच्या कपड्यांवरून कळत नाही.

६७,००,४१७ हीसुद्धा मूळ संख्याच आहे. म्हणजे आपल्या आकड्याचे सात मूळ भाजक झाले. या सातांतून कोणतेही निवडून गुणले की नवा भाजक तयार होतो. अशा एकूण १२८ संख्यांनी आपल्या आकड्याला पूर्ण भाग जातो.

दोरी आणि खुंटी

वावरात वाफा आखताना आपण खुंटी ठोकतो, दोरी ताणतो, दोरी फिरवून गोल काढतो. पट्टी आणि कंपास म्हणजे तेच. नुसत्या दोरी-खुंटीने तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढता येतो, चौकोन येतो, पंचकोन येतो. सात सारख्या बाजूंचा मात्र नेमका काढता येत नाही. मग कितीचा येतो? हा प्रश्न ग्रीकांपासून दोन हजार वर्षे तसाच पडून होता.

१७९६ साली जर्मनीतल्या कार्ल फ्रेडरिक गाउस या मुलाने सतरा बाजूंची सारखी आकृती काढता येते हे सिद्ध केले. वय अजून एकोणीसही नव्हते. बाप बागकाम, गवंडीकाम अशी मिळेल ती कामे करणारा. पुढे त्याच्या गावी ब्राउनश्वाइगला त्याचा पुतळा उभारला, त्यावर सतरा टोकांची चांदणी कोरलेली आहे.

गाउसने दाखवले, की बाजूंची संख्या विषम असेल तर ती फेर्माच्या रांगेतल्या मूळ संख्यांपैकी एक, किंवा वेगवेगळ्या घेऊन केलेला त्यांचा गुणाकार असली की आकृती काढता येते. दुसऱ्या विषम संख्यांची येत नाही, हे व्हांत्सेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये पक्के केले. अशा मूळ संख्या आजवर पाचच सापडल्या आहेत, त्या आपल्याला भेटल्या. त्या पाचांचा गुणाकार म्हणजे ४,२९,४९,६७,२९५, आपल्या निम्म्या पटावरचे धान्य! दोरी-खुंटीने काढता येणारी, आज ठाऊक असलेली, सर्वांत जास्त विषम बाजूंची आकृती एवढ्या बाजूंची आहे. निम्म्या पटावरच्या दाण्यांचा आणि वावरातल्या खुंटीचा असा संबंध असेल, हे कोणाच्या स्वप्नात आले असते?

खिशातला पट

आज घरोघरी मोबाइल आला आहे. त्याच्या आत आकडे ठेवायला घरांची ओळ असते आणि बहुतेक नव्या यंत्रांत ती चौसष्ट घरांचीच असते. प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या दुप्पट. घर एक तर भरलेले, नाही तर रिकामे. सर्व घरे भरली की त्या ओळीत मावणारा सर्वांत मोठा आकडा होतो, आणि तो म्हणजे आपला वीस अंकांचा आकडा. राजाचे कोठार ज्याला पुरले नाही, तो आकडा आज खिशात मावतो.

आपल्या दारची दुप्पट

इथवर गंमत झाली. आता त्या मघाच्या वाक्याकडे वळू: शेवटच्या घरात मागच्या सर्व घरांपेक्षा जास्त असते.

जलपर्णी पाहा. पंचगंगेच्या काठच्या लोकांना ती वेगळी सांगायला नको. अनुकूल हवेत ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, गावतळे आज पूर्ण झाकले. मग निम्मे केव्हा झाकले होते? दोनच आठवड्यांपूर्वी. पाव तळे एक महिन्यापूर्वी. दीड महिन्यापूर्वी फक्त आठवा हिस्सा, तेव्हा काठावरची माणसे म्हणत असतील, ‘कडेला थोडी आहे, काढू सवडीने.’ काढायची वेळ तीच होती.

कर्जाचेही तसेच. दुप्पट किती काळात होते ते काढायची सोपी रीत आहे. ७२ ला व्याजाच्या दराने भागा. बँकेतल्या ठेवीला वर्षाला सात टक्के मिळत असतील तर रक्कम दुप्पट व्हायला दहा वर्षांच्या वर लागतात. पण खाजगी सावकाराचा दर महिन्याला शेकडा पाच असेल आणि व्याजावर व्याज चढत असेल, तर ७२ भागिले ५, सुमारे चौदा महिने. घामाच्या पैशाला दहा वर्षे आणि कर्जाला सव्वा वर्षही नाही!

दहा हजारांचे पाहा. पंधराव्या महिन्यात ते वीस हजारांच्या पुढे जातात. मग चाळीस, ऐंशी, आणि पाच वर्षे पुरी होतात तेव्हा एक लाख शहाऐंशी हजारांच्या वर. पहिल्या वर्षी ‘फेडू पुढच्या सुगीला’ म्हणणारा माणूस अजून पटाच्या पहिल्या ओळीत असतो. राजाही पहिल्या ओळीत हसतच होता.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राला हे ठाऊक होते. म्हणून ‘दामदुप्पट’ हा नियम आला: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही. पटाचे दुसरे घर आले की थांबा, असाच त्याचा अर्थ. हा आळा सुटला की काय होते ते दख्खनने पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खते-रोखे हिसकावून जाळली आणि दंगे पुणे व नगरच्या भागात पसरले. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयाला खताच्या मागे जाऊन मूळ हिशोब तपासण्याचा अधिकार मिळाला. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करण्यास मनाई आहे, आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यातील सहायक निबंधकांकडे करता येते. कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी दर महिन्याचा की वर्षाचा, आणि व्याजावर व्याज आहे की नाही, एवढे दोन प्रश्न विचारायला कोणी लाजू नये. मग घरी येऊन ७२ चा भागाकार करावा.

घरी करून पाहा

एखाद्या संध्याकाळी मुलांना जमिनीवर खडूने चौसष्ट घरे आखून द्या आणि मूठभर ज्वारी. पहिल्या घरात एक दाणा, मग दोन, मग चार. पहिली ओळ सहज भरेल. दुसऱ्या ओळीत दाणे घरात मावेनासे होतील आणि मुले मोजायला कंटाळतील. तेव्हा त्यांना विचारा, ‘सोळाव्या घरात किती लागतील, न मोजता सांगा.’ जो पोरगा किंवा पोरगी म्हणेल, ‘दोनापासून सुरुवात करून वर्ग करीत जाऊ, मग एका घराचे निम्मे करू,’ त्याला भास्कराचार्यांची रीत सापडली असे समजा. उत्तर ३२,७६८.

दाणे मात्र झाडून गोळा करून घ्या. कोंबड्या वाटच पाहत असतात.